बाराजणींची एक गोधडी: शिवायची कशी आणि राहणार कोणाकडे?

प्रश्न | अजनी_वसाहत, नागपूर

नमस्कार. अजनीच्या रेल्वे वसाहतीत आम्ही बाराजणी वर्षानुवर्षे एकमेकींच्या आधाराने राहिलो. बहुतेकींचे यजमान गाडीवर जाणारे, कोणी गार्ड तर कोणी ड्रायव्हर. ते ड्यूटीवर गेले की दोन-दोन दिवस घरी येत नसत आणि तेवढ्या काळात मुलाचा ताप, सासूबाईंचे पथ्य, रात्री-बेरात्री सुरू झालेल्या कळा हे सगळे शेजारणीने निभावून न्यायचे, असा कोणी न सांगता पाळलेला शिरस्ता होता. आता एकेकीचे यजमान निवृत्त झाले आणि क्वार्टर सुटले. कोणी बेशाला, कोणी मनीषनगरला घर घेतले, एक पुण्याला मुलाकडे गेली आणि एक जबलपूरला माहेरच्या गावी परतली. आमची भिशी मात्र अजून चालू आहे आणि बाहेरगावच्या दोघी आपले पैसे न चुकता पाठवतात.

मागच्या भिशीत असे ठरले, की प्रत्येकीने आपल्या वापरातल्या साडीचे कापड द्यावे आणि सगळ्यांनी मिळून एक गोधडी शिवावी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाहेरगावच्या दोघीही येणार आहेत, तोपर्यंत ती पूर्ण व्हावी अशी इच्छा आहे. ठरवताना हे सोपे वाटले होते, परंतु कापडे जमू लागल्यावर अडचणी दिसू लागल्या. कोणी सुती साडी दिली आहे, कोणी जॉर्जेट, तर एकीने लग्नातली करवती काठाची टसर आणून दिली आहे. तिघींना शिवणाचा मुळीच सराव नाही आणि आपल्यामुळे गोधडी बिघडेल या संकोचाने त्या मागे सरत आहेत. आमच्यातली एक मैत्रीण दोन वर्षांपूर्वी वारली. तिची लेक आईची साडी द्यायला तयार आहे, पण ती साडी कोठे आणि कशी लावावी याबद्दल आमच्यात दोन मते आहेत. शिवाय ज्या प्रश्नावर सगळ्याच गप्प होतात तो असा, की गोधडी एक आणि आम्ही इतक्याजणी, तर ती राहणार कोणाच्या घरी?

ज्यांनी असे सामूहिक काम केले असेल त्यांनी मोजमापापासून सविस्तर सांगावे, ही विनंती.

उत्तर | धावदोरा, महाल

ताई, शिवणाच्या आधी एका गोष्टीचा निर्णय करून घ्या. ही गोधडी पांघरायची आहे, की नुसती जपायची आहे? पांघरायची असेल तर ती धुवावी लागेल आणि धुवायची असेल तर टसर, जॉर्जेट आणि सुती हे एकाच पाण्यात नांदणार नाहीत. सुती आटते, जॉर्जेट आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात दोहोंच्या जोडावर चुण्या पडतात. माझे मत विचाराल तर गोधडी पांघरण्यासाठीच करावी. नागपूरच्या पौषातल्या थंडीत जी अंगावर घेता येत नाही, ती गोधडी कपाटातच पडून राहते आणि दोन वर्षांनी तिच्याकडे कोणी पाहतही नाही. म्हणून पाया सगळा सुतीच ठेवा आणि ज्यांनी रेशमी किंवा कृत्रिम धाग्याची साडी दिली आहे त्यांच्याकडून एखादी जुनी सुती साडीही मागून घ्या. आठवणीची साडी लग्नातलीच असावी असे काही नाही. रोज स्वयंपाकघरात नेसलेल्या साडीने त्या बाईला जास्त पाहिलेले असते.

आता मोजमाप. प्रत्येकीचे दोन चौकोन धरा, म्हणजे चोवीस होतील. शिवून झाल्यावर प्रत्येक चौकोन बारा इंचांचा भरावा. आडवे चार आणि उभे सहा मांडून मधून आणि चारही कडांनी दोन इंची पट्टी फिरवली, की रुंदी अठ्ठावन्न इंच आणि लांबी शहाऐंशी इंच होते आणि एका माणसाला पायांवरून नीट घेता येईल एवढी गोधडी तयार होते. चौकोनांमध्ये पट्टी घालण्याचे कारण केवळ शोभा नाही. बाराजणींच्या हातांनी कापलेले तुकडे काटेकोर सारखे कधीच येत नाहीत आणि तो फरक पट्टीत मुरतो. पट्टी एकाच रंगाची घेतली तर परस्परांशी न जुळणारे रंगही एकत्र शोभतात. दोन इंची पट्टीसाठी कापड तीन इंच कापावे, कारण दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो.

चौकोन मात्र प्रत्येकीकडून चौदा इंचांचे मागवा. ते सगळे एकीच्याच घरी, एकाच पुठ्ठ्याच्या मापाने, तेरा इंचांवर छाटावेत. कशिदा, नाव किंवा चित्र मधल्या दहा इंचांतच राहील अशी ताकीद आधी द्या, नाहीतर कोणाच्या तरी नावाचे शेवटचे अक्षर शिवणीत जाईल आणि तो रुसवा पुढे भिशीत निघेल.

कापड सगळे आधी धुऊन घ्यावे. जुन्या साड्या आटून बसलेल्या असतात, परंतु पट्टीसाठी गांधीबागेतून नवे कापड आणणार असाल तर ते दोनदा धुवा. गडद लाल, निळा आणि काळा या रंगांवर ओले पांढरे फडके घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर ते कापड वापरू नका. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो अशी समजूत घरोघर आहे, पण रंग कापडाला पक्का बसवण्याचे काम रंगाऱ्याकडेच व्हावे लागते, ते नंतर घरच्या मिठाने होत नाही.

अस्तराचा हिशेब सोपा आहे. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे दोनशे सोळा इंच लांब असते आणि तिचा पन्हा पंचेचाळीस इंचांच्या आसपास भरतो. तिचे नव्वद इंचांचे दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडले, की पूर्ण अस्तर निघते आणि उरलेल्या कापडात कडेची पट्टी होते. मधल्या थराला तशीच आणखी एक साडी पुरे. पूर्वीच्या गोधड्यांत तीन-चार थर घालत, पण त्यांच्या वरचा थर बहुधा सलग असे. तुमच्या वरच्या थरातच जोड पुष्कळ आहेत, त्यामुळे आत जास्त थर घातले तर सुई बोटात रुतेल आणि टाका मोठा पडेल. कापूस भरण्याचा विचार असेल तर तो टाळावा असे मी सुचवेन, कारण तो तीन-चार इंचांवर टाक्यांनी धरला नाही तर धुतल्यावर गोळा होतो.

ज्या तिघी संकोचत आहेत त्यांना आखणी, छाटणी आणि कच्चे टाके द्या. तीन थर सतरंजीवर ताणून पसरणे, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवणे आणि वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घालणे हे काम सराव नसलेल्यांना चांगले जमते, आणि गोधडीचा सरळपणा त्यावरच ठरतो. पक्का धावदोरा मधल्या चौकोनांपासून सुरू करून कडांकडे न्यावा, म्हणजे कापडाचा सैलपणा बाहेर निघत जातो. एक पथ्य मात्र सगळ्यांनी पाळावे. कोणीही दुसरीचे टाके ‘नीट करण्यासाठी’ उसवू नयेत. एकसारखे टाके हवे असतील तर बाजारात मशीनवरच्या गोधड्या मिळतात.

उत्तर | वडगावची_सून, नागपूर

वरच्या ताईंचे मोजमाप पटले, फक्त एका बाबतीत मत वेगळे आहे. आमच्याकडे धावदोरा कडेपासून सुरू करून चौकोनामागे चौकोन फिरवत आत मध्यापर्यंत नेतात. चारजणी चार बाजूंना बसल्या की प्रत्येकीसमोर आपली कड असते आणि कोणालाही गोधडीवर बसावे लागत नाही. कच्चे टाके दाट असतील तर मध्यावर फुगा येत नाही. घोळका मोठा असेल तेव्हा ही पद्धत जास्त सोयीची पडते आणि तुमचा घोळका मोठाच आहे.

उत्तर | जुने_कापड, तांडापेठ

मी कापडाबद्दलच लिहितो, कारण शिवण हा माझा प्रांत नाही आणि घरात विणकाम पाहत वाढल्याने कापडाची थोडी पारख आहे.

टसरच्या साडीचा आग्रह त्या ताईंनी सोडला नाही, तर तिचा वापर असा करावा. टसरचा तुकडा तेवढ्याच मापाच्या पातळ मलमलीवर आधी कच्च्या टाक्यांनी बसवावा आणि मग दोन्ही मिळून एकच चौकोन समजून शिवावा. त्यामुळे ताण मलमल घेते आणि रेशमाचा धागा टाक्यापाशी सरकत नाही. करवतीच्या दातेरी काठाची वीण अंगच्या विणीपेक्षा दाट असते, म्हणून तो काठ शिवणीच्या रेषेत येऊ देऊ नये, तो चौकोनाच्या मधोमध ठेवावा. भंडाऱ्याकडच्या किंवा नागपूरच्या हातमागावरची करवत असेल तर तिच्या काठातले त्रिकोण तसेही मधे घेऊन दाखवण्यासारखेच असतात. इस्त्री उलट बाजूने आणि वर ओलसर सुती फडके ठेवूनच करावी. जरीचे काम असलेला भाग शक्यतो घेऊ नये. जरीचा रंग काळवंडतो आणि तिच्या कडा शेजारच्या सुती कापडाला कुरतडतात.

फार जुने सुती कापड आले तर ते उजेडासमोर धरून पाहावे. धागे विरळ दिसले, किंवा दोन्ही अंगठ्यांनी हलका ताण देताच ‘चर्र’ असा आवाज आला, तर ते कापड एकटे लावू नये, त्यालाही मलमलीची पाठ द्यावी. नागपुरात अनेक घरांच्या ट्रंकांत अजून एम्प्रेस मिलचे कापड निघते. जमशेटजी टाटांनी ती गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी सुरू केली, म्हणून तिचे नाव एम्प्रेस. गिरणी कधीच बंद पडली, पण तिचे जाड लाँगक्लॉथ आजही आश्चर्य वाटावे इतके धड असते. तुमच्यापैकी कोणाच्या सासरी तसे निघाले तर अस्तराला त्याहून चांगले कापड मी सुचवू शकणार नाही.

काळ्या आणि गडद तपकिरी जुन्या कापडाची पारख विशेष करावी. लोखंडाच्या क्षारांनी रंगवलेले कापड वर्षे गेली की आपोआप जिरते. शेजारचे कापड धड राहते आणि तेवढेच तुकडे भुगा होऊन पडतात.

उत्तर | वाचनवेडी, धरमपेठ

काकू, तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल वाचलेले थोडे सांगते. अमेरिकेत १८४० च्या दशकात अशा ‘मैत्रीच्या’ गोधड्यांची मोठी लाट आली होती. एखादे कुटुंब गाव सोडून पश्चिमेकडे निघाले, की शेजारणी आणि नातलग बायका एकेक चौकोन करून त्यावर आपले नाव लिहीत. ते चौकोन जोडून झालेली गोधडी निघणाऱ्या बाईबरोबर जाई. म्हणजे तिथे ‘कोणाकडे राहणार’ हा प्रश्नच नव्हता, जी दूर जाते तिची गोधडी. त्या न्यायाने तुमची गोधडी पुण्याला किंवा जबलपूरला जायला हवी.

त्याच गोधड्यांतून एक सावधगिरीची गोष्टही घेण्यासारखी आहे. त्यांवरची पुष्कळ नावे शाईने लिहिलेली होती आणि त्या काळच्या काही शाईंत लोहाचा अंश असल्यामुळे नेमके नावाच्या जागीच कापड खाल्ले गेले. वर ‘जुने_कापड’ यांनी काळ्या कापडाबद्दल जे सांगितले, तेच तिथे शाईच्या बाबतीत घडले. म्हणून नावे पेन्सिलीने आखून साखळी टाक्याने भरावीत आणि सही करायची असेल तर प्रत्येकीने स्वतःच्या अक्षरात करावी. ज्यांना भरता येत नाही त्यांनी नुसती सही करून द्यावी, दुसरीने ती भरावी. अक्षर मूळ मालकिणीचेच राहते.

दिवंगत मैत्रिणीबद्दल दोन गोष्टी सुचतात. एड्सने गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ सॅन फ्रान्सिस्कोत १९८७ साली सुरू झालेल्या गोधडीत प्रत्येक माणसासाठी तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब तुकडा असतो. मापाचा नियम सगळ्यांना एकच, आत काय लावायचे ते घरच्यांनी ठरवायचे. तसेच तुमच्याकडेही करता येईल. तिच्या वाट्याचे दोन चौकोन इतरांएवढेच ठेवा आणि ते तिच्या लेकीला करू द्या, तुम्ही त्यांत काही सुचवू नका. दुसरी गोष्ट कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांकडून घेता येईल. त्यांच्या ‘कवांद’ नावाच्या गोधडीच्या चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात, आणि ते लागल्याशिवाय गोधडी पूर्ण झाली असे मानत नाहीत. मैत्रिणीच्या उरलेल्या साडीतून असे कोपरे केले तर ती गोधडीच्या चारी टोकांना असेल.

माझे स्वतःचे मत मात्र असे, की एक मोठी गोधडी करूच नये. प्रत्येकीने आपल्या साडीचे सहा इंची बारा तुकडे करावेत, एक स्वतःला ठेवून बाकीचे वाटावेत, आणि प्रत्येकीने आपल्याकडे आलेल्या बारा तुकड्यांतून तीन बाय चारची, म्हणजे दीड फूट रुंद आणि दोन फूट लांब, छोटी गोधडी शिवावी. पाट, खुर्ची किंवा नातवंडाच्या पाळण्यासाठी ती पुरते, आणि वाटणीचा वाद उरत नाही.

अजनी_वसाहत, नागपूर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. सर्व उत्तरे मी भिशीत वाचून दाखवली. पांघरण्याचीच गोधडी करायची, हे एकमताने ठरले. जॉर्जेटवाल्या मैत्रिणीने दुसऱ्याच दिवशी धुवट सुती साडी आणून दिली आणि टसरच्या दोन चौकोनांना मलमलीची पाठ देण्याचे ठरले. लेकीला चौकोन सोपवण्याची सूचनाही सर्वांना मानवली. कोपऱ्यांबद्दल मात्र एकीने शंका काढली, की गेलेल्या माणसाचे कापड चारी टोकांना लावलेले तिच्या सासरच्या मंडळींना चालेल का. म्हणून त्यांना विचारूनच ते करू.

बारा छोट्या गोधड्यांची कल्पना मात्र पसंत पडली नाही, आणि त्याचे कारण सांगायला हवे. वाटणीचा वाद टळतो हे खरे, परंतु बाराजणी बारा घरी बसून शिवणार आणि बारा घरी ठेवणार, तर मग एकत्र बसण्याचे कारणच उरत नाही. आम्हाला गोधडी हवी आहे त्याहून जास्त हव्या आहेत त्या दुपारी. दूर जाणारीला द्यावी, हे म्हणणे ऐकून पुण्याची मैत्रीण फोनवर प्रथम खूश झाली आणि मग म्हणाली, की तिथल्या दोन खोल्यांच्या घरात गोधडी कपाटाच्या वरच्या फळीवर जाईल आणि मला ते सोसणार नाही. त्यामुळे तो प्रश्न होता तिथेच आहे.

उत्तर | चिठ्ठी_काढा, सक्करदरा

वहिनी, तुमचा प्रश्न तुमच्याच भिशीने सोडवलेला आहे, तो फक्त दिसत नाही. पैशांच्या बाबतीत तुम्ही वर्षानुवर्षे हेच करत आला आहात. सगळ्यांची रक्कम एक असते, ती दर महिन्याला एकीच्या घरी जाते, कोणाच्या ते चिठ्ठी ठरवते आणि जिला एकदा मिळाली तिचे नाव सगळ्यांचे होईपर्यंत पुन्हा निघत नाही. गोधडीलाही तोच नियम लावा. फक्त महिन्याऐवजी वर्ष धरा, म्हणजे बाहेरगावी नेण्या-आणण्याचा त्रास एकदाच होईल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या जमताच, तेव्हा मागच्या वर्षीच्या मालकिणीने धुऊन आणावी आणि चिठ्ठी काढून पुढच्या घरी द्यावी. पुण्याच्या ताईंनाही ती एक हिवाळा सांभाळायची आहे, कायमची नाही, मग फळीवर जाण्याची भीती कशाला? गेलेल्या ताईंच्या नावाचीही चिठ्ठी टाकायची की नाही, ते तुम्ही त्यांच्या लेकीशी बोलून ठरवा. मी असते तर टाकली असती.

मागच्या बाजूला एका कोपऱ्यात वीतभर पांढऱ्या सुती कापडाची पट्टी शिवून घ्या. तिच्यावर शिवल्याचे साल, अजनीचे नाव आणि पुढे दर वर्षी जिच्याकडे गेली तिचे नाव भरत जावे. आज तुम्हाला कोणता चौकोन कोणाचा हे तोंडपाठ आहे, पण नाती-सुनांना ते कसे कळणार?

आणि एक गोष्ट आत्ताच ठरवून लिहून ठेवा, कारण नंतर ती बोलायला जड जाते. फाटली तर कोणी दुरुस्त करायची? माझ्या मते ज्या घरी फाटली त्या घरी नव्हे, तर सगळ्या जमतील तेव्हा. नाहीतर फाटण्याच्या भीतीने कोणी ती पांघरणारच नाही.

धावदोरा, महाल

चिठ्ठीची कल्पना मला मनापासून आवडली. प्रत्येक मालकिणीला देण्यासाठी धुण्या-जपण्याच्या चार ओळी लिहून देते. टसर असल्यामुळे गार पाणी आणि सौम्य साबण वापरावा, पिळू नये, सतरंजीवर किंवा दोन दोऱ्यांवर आडवी पसरून सावलीत वाळवावी. नागपूरच्या वैशाखातले ऊन तर टसर आणि गडद रंग, दोहोंनाही सोसत नाही. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये, जुन्या धुतलेल्या चादरीत गुंडाळून कडुनिंबाचा वाळलेला पाला बाहेरच्या घडीत ठेवावा. डांबराच्या गोळ्या कापडाला थेट टेकू देऊ नयेत. पावसाळा संपला की एकदा उलगडून घडीची जागा बदलावी, नाहीतर त्याच रेषेवर कापड प्रथम जिरते.

अस्तराच्या जोडाबद्दल वर लिहायचे राहिले ते आता लिहिते. जोड बरोबर मधोमध येऊ देऊ नका, वीतभर बाजूला घ्या. गोधडी घडी होते ती मध्यावर, आणि तिथेच जोड असला तर घडीचा आणि शिवणीचा ताण एकाच रेषेवर पडतो.

अजनी_वसाहत, नागपूर

मधोमध जोड ठेवूनच काल अस्तर पसरले होते, अजून टाके घातलेले नाहीत, त्यामुळे उद्या ते सरकवून घेऊ. लेकीशी बोलणे झाले. आईच्या नावाची चिठ्ठी टाकावी आणि ती निघाली तर गोधडी वर्षभर आपल्याकडे द्यावी, असे तिचे म्हणणे आहे आणि ते सर्वांनी मान्य केले. कोपऱ्यांनाही तिच्या आजीचा होकार आला. कडेपासून की मध्यापासून, हा निर्णय मात्र अजून झालेला नाही आणि दोन्ही बाजूंच्या मैत्रिणी आपापल्या मतावर ठाम आहेत, तेव्हा बुधवारी एका जुन्या चादरीवर दोन्ही पद्धतींनी थोडे-थोडे शिवून पाहू.